रंगवलेला टायर

२०२४ च्या जूनची गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नव्हता, आणि माझी नात दप्तरातून एक चिठ्ठी घेऊन आली. एका बाजूला मराठी, मागे तेच कन्नडात. आमच्याकडच्या चिठ्ठ्या बहुधा अशाच असतात. मजकूर असा, की पर्यावरण दिनानिमित्त प्रत्येक विद्यार्थ्याने घरातला एक जुना टायर आणावा, तो शाळेत रंगवून त्यात रोप लावले जाईल, मग तो घरी नेऊन विद्यार्थ्याने रोपाची निगा राखावी. शाळेचे नाव सांगत नाही. शाळा चांगली आहे, बाई तळमळीच्या आहेत, आणि असल्या चिठ्ठ्या मी स्वतः एकतीस वर्षे काढल्या आहेत. मी विज्ञानाचा मास्तर होतो.

दिवाळी अंकात टायरवर लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. संपादकांनाही वाटले. त्यांना माझ्याकडून जुन्या बेळगावच्या दिवाळीच्या आठवणी हव्या होत्या. त्या पुढच्या वर्षी देईन, तब्येतीने साथ दिली तर. यंदा हे बोलून टाकू द्या.

तर घरात जुना टायर नव्हता. तो कुणाच्या घरात असतो? मुलाची एक स्कूटर, तिचे दोन टायर तिलाच लागतात. नात हिरमुसली, म्हणून मी हमरस्त्यालगतच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ केरळातून आलेला. आपल्या हमरस्त्यांवर पंक्चरची कितीतरी दुकाने त्यांचीच. तीस वर्षे इथे राहून तो मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही सारख्याच सफाईने बोलतो. मला बघून हसला. "काय ओ सर, तुमालापन टायर पायजे? सकाळपासून दहावं गिऱ्हाईक. पोरं टायर मागायल्यात." मग त्याने टेम्पोचा एक टायर काढला, बोटांनी दाबून बघितला आणि थोडा घुटमळला. "ह्याचा सांगाडा चांगला हाय, सर. रिमोल्डला घालणार होतो. पन बाळासाठी म्हनताय तर घेऊन जावा. शंभर रुपये द्या."

घरातली टाकाऊ वस्तू मी अशी शंभर रुपयांना विकत आणली. जो टायर रबर चढवून पुन्हा हजारो किलोमीटर धावला असता, तो पर्यावरण दिनाच्या मानासाठी रस्त्यावरून काढला गेला. तेव्हा मला यात काही खटकले नाही, हे कबूल करतो. नातीचा आनंद मोठा होता.

शाळेत त्या टायरची वरची बाजू सुरीने कापून पाकळ्या काढल्या, त्या बाहेर वळवल्या, वर पिवळा रंग आणि तांबडे ठिपके दिले, आत माती घालून सदाफुलीचे रोप लावले. फोटो निघाले. टायर रिक्षातून घरी आला आणि अंगणाच्या कोपऱ्यात बसला. जुलैच्या पावसाने माती वाहून गेली, सदाफुली कुजली. नातीची पहिली चाचणी आली, मग गणपती आले, आणि टायर कुणाच्या डोळ्यासमोर राहिला नाही. आडवा ठेवलेला टायर आतून कसा असतो हे ज्याने त्यात हात घालून बघितले आहे त्याला ठाऊक आहे. खालच्या कडेच्या आत गोल पन्हळ असते. तिच्यात शिरलेले पाणी टायर कसाही कलता केला तरी पुरते निघत नाही. एका बाजूने ओतले की दुसऱ्या बाजूला पळते. वरून सावली, आतून काळोख, काळ्या रबराची ऊब आणि कुजलेल्या पानांचा काढा. डेंग्यूच्या डासाला याहून चांगले बाळंतघर माणसाने अजून बांधलेले नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी कन्नडभाषक आहेत. त्यांच्याकडची होळगी आमच्याकडे येते, आमची पुरणपोळी त्यांच्याकडे जाते, आणि दोन्ही एकच आहेत हे दोन्ही घरांना माहीत आहे. त्यांचा सातवीतला मुलगा त्या पावसाळ्यात तापाने पडला. चौथ्या दिवशी डेंग्यू निघाला. आठ दिवस इस्पितळात होता. त्यातल्या दोन रात्री रक्तातल्या पेशी अशा उतरल्या, की त्याची आई बाकावर बसून नुसती भिंतीकडे बघत राहिली होती. मी डबा घेऊन गेलो, तर तिने तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

मग आशा कार्यकर्ती गल्लीत तपासणीला आली. अर्धी मराठी, अर्धी कन्नड बोलणारी, हातात टॉर्च, पिशवीत पांढरी थाळी. आमच्या अंगणात आली, त्या पिवळ्या टायरात कपबशीतली बशी तिरकी घालून तिने पाणी काढले आणि थाळीत ओतले. पाण्यात स्वल्पविरामासारखे काहीतरी वळवळत होते. एक-दोन नव्हे, मोजता न येण्याइतके. "सर, तुम्ही तर सायन्सचे होता नव्हं?" एवढेच ती म्हणाली.

त्याच टायरातला डास त्याच मुलाला चावला, असे मी सिद्ध करू शकत नाही. विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे पुराव्यावाचून बोलणार नाही. पण हा डास जन्मला तिथून फार लांब उडत जात नाही, आणि आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी शेजारी गेलो आणि थाळीत काय निघाले ते सांगितले. मुलाची आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "इरली बिडी, सर." असू द्या, सोडा. या दोन शब्दांनी मला जेवढे लाजवले तेवढे कुणाच्या शिव्यांनी लाजवले नसते.

त्याच सप्टेंबरात कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग ठरवले आणि आवारात डासांची पैदास आढळली तर घरमालकाला दंड ठेवला: शहरात ४०० रुपये, खेड्यात २००. दंड योग्यच आहे. पण टायर घरी पाठवणाऱ्या चिठ्ठीला दंड कोण करणार? आणि तशाच चिठ्ठ्या काढून निवृत्त झालेल्या मास्तराला?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पर्यावरण हा विषय सगळ्या शाळांतून सक्तीचा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सांगितले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरचा तो निकाल. तेव्हा मी तरुण मास्तर होतो आणि मला मनापासून आनंद झाला होता. आम्ही प्रदर्शने भरवली, फेऱ्या काढल्या, आणि फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिले: टाकाऊतून टिकाऊ. आईस्क्रीमच्या काड्यांचे घर, बांगड्यांचे तोरण, नारळाच्या करवंटीचे माकड. परीक्षक येत, बक्षिसे देत. सगळ्या वस्तू महिनाभराने शिपाई मागच्या मोकळ्या जागेत नेऊन जाळत असे. हे मी दरवर्षी बघत होतो. एकदाही मला त्यात विषय दिसला नाही.

टायरच्या बाबतीत तर ही घोषणा मुळातच उलटी आहे. टायर टिकाऊच असतो, तोच त्याचा गुन्हा. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला कच्चे रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली, आणि उन्हात चिकट होणारे, थंडीत फुटणारे रबर पोलादासारखे भरवशाचे झाले. लोखंड वितळवून पुन्हा लोखंड करता येते, काचेची पुन्हा काच होते. पण गंधकाने एकदा शिजवलेले रबर पुन्हा कच्चे होत नाही. शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत, तसेच. शिवाय टायरात नुसते रबर नसते. नैसर्गिक रबर, खनिज तेलापासून केलेले रबर, काजळी, पोलादी तारा, नायलॉनचे धागे, जस्ताचे भस्म आणि आणखी कितीतरी रसायने एकमेकांत अशी घट्ट बसवलेली असतात, की ती सुटू नयेत म्हणूनच कारखानदाराने पैसे घेतलेले असतात. मोटारीच्या एका टायरचे वजन आठ-दहा किलो, ट्रकच्या टायरचे पन्नासच्या वर. हे धूड पिवळे रंगवून अंगणात ठेवले म्हणजे त्याचे काय झाले? काहीच झाले नाही. ते कारखान्याच्या, दुकानाच्या आणि नगरपालिकेच्या हिशेबातून निघून माझ्या अंगणाच्या हिशेबात आले.

पुनर्वापराला माझा विरोध आहे असे कुणी समजू नये. माझे वडील टायरच्या तळाची चप्पल घालून चंदगडच्या वाटा तुडवत. ती चप्पल चामड्याच्या तीन चपलांना पुरून उरे. लोखंडी धावेच्या बैलगाडीला टायर लागला आणि टायरगाडी झाली, तेव्हा बैलांच्या मानेवरचे ओझे हलके झाले. ऊसतोड कामगार आजही तीच गाडी ओढून कारखान्याला नेतात. गोव्यात धक्क्याला लागणाऱ्या होडीच्या कुशीला जुना टायर बांधलेला असतो, तो होडी वाचवतो. आणि काठीने टायर पिटाळत शाळेला जाण्याचे सुख ज्याला मिळाले नाही त्याच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते. पण या सगळ्यांत टायर दुसऱ्या कशाची तरी जागा घेत होता. कुणाला तरी त्याची गरज होती, म्हणून तो टिकला आणि म्हणूनच त्याच्याकडे लक्ष राहिले. नातीच्या टायरची गरज कुणाला होती? फोटोला होती. सदाफुलीला साधी मातीची कुंडी पुरली असती, आणि आपल्या कुंभारगल्लीत ती मिळते.

असल्या हौसेचे फार मोठे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. तिथल्या फ्लोरिडा राज्यात फोर्ट लॉडरडेल नावाच्या गावाजवळच्या समुद्रात १९७२ साली सुमारे वीस लाख जुने टायर सोडण्यात आले. कचराच्या कचरा हटेल आणि टायरांवर प्रवाळ वाढून माशांना घर मिळेल, अशी कल्पना. शेकडो लोक आपापल्या होड्या घेऊन हौसेने मदतीला आले. एका टायर कंपनीच्या फुग्याच्या विमानातून सोनेरी रंग दिलेला टायर समुद्रात टाकून त्या कामाचा मुहूर्त झाला. सोनेरी रंगवलेला! हे वाचले तेव्हा मला आमच्या अंगणातला पिवळा टायर आठवला. पुढे काय झाले? टायरांच्या मोळ्या बांधलेल्या होत्या त्यांच्या कड्या खाऱ्या पाण्यात गंजल्या, मोळ्या सुटल्या. वादळात टायर समुद्राच्या तळावर गडगडत सुटले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आपटून त्याची नासधूस करू लागले. प्रवाळ टायरवर धरलेच नाही. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे लावून ते टायर एकेक करून वर काढावे लागले, आणि सगळे काही निघालेले नाहीत. ती माणसे वाईट नव्हती. आमच्या बाईंसारखीच तळमळीची होती.

डासांचेही तसेच. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात आशियातला एक डास ठाण मांडून बसलेला आढळला, तो आशियातून आणलेल्या जुन्या टायरांमधून आला होता. या जातीच्या डासांची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर रबराला चिकटून बसतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, आणि पाऊस लागला की फुटतात. म्हणजे टायर उन्हाळ्यात कोरडा दिसला म्हणून निर्धास्त व्हायचे कारण नाही. हे चार ओळींचे ज्ञान माझ्याकडे होते. परीक्षेत मी ते विचारतही असे, दोन गुणांना. चिठ्ठी काढताना ते मला आठवत नसे.

पाण्याबद्दल एवढे पुरे. आता आगीबद्दल, आणि इथे माझ्या माणसांना राग येईल.

टायर जळतो फार चांगला. वजनाला वजन धरले तर दगडी कोळशाहून जास्त उष्णता देतो. म्हणून तर तो सगळ्यांना हवा असतो. शिमग्याला गल्लीतली पोरे लाकडांखाली टायर घालतात, कारण त्याने होळी झटकन धरते. थंडीत रात्रपाळीचे पहारेकरी शेकोटीत त्याचे तुकडे टाकतात. गुऱ्हाळात पावसाने चिपाड ओले झाले, की चुलाणात टायरचे तुकडे जाताना मी या डोळ्यांनी बघितले आहे. एका गुऱ्हाळाच्या दाराशी टायरचा ढीग होता आणि आत काहिलीत रस उकळत होता. मालकाला विचारले, तर म्हणाला, "चिपाड वाळूपर्यंत ऊस थांबतोय व्हय गुरुजी?" त्याची अडचण खोटी नव्हती. पण चुलाणावर वाकून जाळ घालणारा गडी खोकत होता, तोही खोटा नव्हता. त्या काळ्या धुरात नुसती काजळी नसते. कार्बन मोनॉक्साइड, गंधकाचे वायू, बेंझीन आणि कर्करोगाला कारण होणारी कितीतरी द्रव्ये असतात. खाली काळे तेल ओघळते ते जमिनीत आणि नाल्यात जाते. ढीग पेटला तर विझत नाही. कॅनडात हेगर्सव्हिल या गावी १९९० च्या फेब्रुवारीत सुमारे एक कोट चाळीस लाख टायरांचा ढीग पेटला, तो विझवायला सतरा दिवस लागले. वेल्समध्ये १९८९ साली पेटलेला एक ढीग तर आतल्या आत पंधरा वर्षे धुमसत होता.

आणि चौथी आग आपल्या चौकातली. बंदच्या दिवशीची.

मी पेटवला आहे. ऐंशीच्या दशकातल्या एका बंदला, सकाळी सातच्या सुमारास, आम्ही चौघांनी दुकानामागून टायर गडगडवत आणला, रॉकेल ओतले आणि काडी लावली. छाती भरून आली होती. आपल्या भाषेसाठी काहीतरी केले, असे वाटले. धूर सरळ वर गेला नाही. वारा ज्या बाजूचा होता त्या बाजूच्या गल्लीत शिरला, आणि ती गल्ली आमचीच होती. दुपारपर्यंत रस्त्याचे डांबर वितळून खड्डा पडला होता आणि त्यात पोलादी तारांचे एक जळके वेटोळे शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी माझ्याच सायकलचे चाक त्या तारेने फाटले. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते, लाज वाटत होती.

माझा एक जुना सहकारी आहे. सीमालढ्यात तुरुंग बघून आलेला, माझ्याहून शतपटीने त्याग केलेला. हा लेख लिहिणार म्हणून त्याला सांगितले, तर तो भडकला. "तुला म्हातारचळ लागलाय. टायर पेटल्याशिवाय पेपरात फोटो येत नाही. सरकारला अर्ज वाचता येत नाही, धूर तेवढा दिसतो. पलीकडचे पेटवत नाहीत काय?" पेटवतात. त्यांच्या बंदला ते पेटवतात, आपल्या बंदला आपण. धूर दोन्ही वेळा याच गावात राहतो. पण त्याच्या पहिल्या मुद्द्याला मी उत्तर देणे लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण लढतो आहोत. त्यात हुतात्मे झाले, सत्याग्रह झाले, निवडणुका झाल्या, महाजन आयोग झाला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या काळात आपल्या बाजूचे जे काही उभे राहिले ते शाळा चालवणाऱ्यांनी, वाचनालये जगवणाऱ्यांनी, कागदपत्रे जमवणाऱ्यांनी, मोर्चात शांतपणे चालणाऱ्या बायकांनी उभे केले. त्या दाव्यातले एक पान टायरच्या धुराने पुढे सरकले, असे मला कोणी दाखवून द्यावे. मी माझे शब्द मागे घेईन आणि त्याच चौकात त्याच्या पाया पडेन.

मित्र म्हणाला, "मग सोडून दे लढा." मी तसे म्हटलेले नाही. मातृभाषेचा आग्रह धरणारा माणूस मातृभाषा बोलणाऱ्या पोरांच्या छातीत काजळी भरत असेल, तर त्याने थोडे थांबून विचार करावा, एवढेच म्हणतो. कायद्याची बाजूही बघा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या निकालात उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली. साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळले तर पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. म्हणजे एरवी ज्यांच्याशी आपण कायद्याच्या भाषेत भांडतो, त्यांच्या हाती आपणच कायद्याचे कोलीत देतो. आणि चौकाच्या कडेला बाकावर उभी राहून ही आग बघणारी पोरे तीच असतात, जी जूनमध्ये टायरला पिवळा रंग देतात. पर्यावरणाचा खरा तास त्यांना कुठे मिळतो, शाळेत की चौकात?

टायरचे नीट करता येते काय? येते, आणि त्यासाठी नवे काही शोधायला नको. सगळ्यात आधी रिमोल्ड. झिजलेला वरचा थर घासून काढायचा, नवी पट्टी बसवून पुन्हा उष्णता आणि दाब द्यायचा, की तोच सांगाडा पुन्हा चालतो. ट्रकचा आणि बसचा चांगला सांगाडा दोन-तीन वेळा असा वापरता येतो, आणि नवा टायर घडवायला लागणारा बराचसा माल वाचतो. उपयोग पुरता संपला की दळून चुरा होतो. तो रस्त्याच्या डांबरात मिसळतात, चटया करतात. बंद भट्टीत हवेशिवाय तापवून तेल आणि काजळीही काढतात, पण हे काम निगुतीचे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली हरित न्यायाधिकरणापुढे मांडलेल्या हिशेबात अशा ६३७ कारखान्यांपैकी २७० नियम मोडणारे होते. तेव्हा 'टायरपासून तेल' असे ऐकल्याबरोबर टाळ्या वाजवू नयेत.

आणि मुख्य म्हणजे २१ जुलै २०२२ रोजी केंद्र सरकारने नियम केला आहे, की टायर बनवणाऱ्याने आणि आयात करणाऱ्यानेच तो शेवटी मार्गी लावण्याची जबाबदारी घ्यायची. पहिल्या वर्षी पस्तीस टक्के, दुसऱ्या वर्षी सत्तर, आणि २०२४-२५ पासून, दोन वर्षांपूर्वी जेवढे वजन बाजारात आणले तेवढे सगळे. नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण कारखान्याकडून प्रमाणपत्र घेऊन ते दाखवायचे. परदेशातून जुने टायर आणून त्यांचे तेल काढायलाही बंदी झाली. आता मला सांगा, वाचकहो, ही गोष्ट तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होती? मला नव्हती. शाळेच्या चिठ्ठीत टायरची जबाबदारी आठ वर्षांच्या मुलीवर होती, 'विद्यार्थ्याने निगा राखावी' अशी. टायर बनवणाऱ्याचे नाव त्या चिठ्ठीत कुठेच नव्हते. ते तसे नसणे मोठ्यांच्या सोयीचे असते, म्हणून माझी तक्रार आहे.

मला आज पुन्हा वर्ग मिळाला, तर मी रंगाचा डबा उघडणार नाही. मुलांना गल्लीत पाठवीन आणि टायर मोजायला सांगीन: पत्र्यावर वजन म्हणून ठेवलेले, गवताच्या गंजीवर टाकलेले, गॅरेजच्या मागे पडलेले, झोपाळ्याचे. किती कोरडे, किती ओले. ओल्यातले पाणी पांढऱ्या थाळीत, भिंगाखाली. टायरच्या अंगावर एका लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला, हे मुलांना फार आवडेल. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की तो बदलायचा, आणि हवा कमी ठेवली तर तो वेळेआधीच झिजतो, हे बाबांना घरी जाऊन सांगा म्हणीन. मग सगळ्यांना घेऊन पंक्चरवाल्याकडे जाईन आणि विचारायला लावीन: मामा, इथून हे कुठे जातात? त्यानंतर भंगारवाल्याला तेच. त्यानंतर नगरपालिकेला अर्ज, मराठीत आणि कन्नडात, पावतीसकट. ही वाट जिथे तुटेल तिथे धडा सुरू होईल. यात फोटो चांगले येणार नाहीत, हे मान्य.

असे मी शाळेला लिहून कळवले आहे, दोन्ही भाषांत. बाई घरी येऊन गेल्या, चहा घेतला, "सर, पुढच्या वर्षी बघू" म्हणाल्या. वरून परिपत्रक आले की त्यांचाही नाइलाज असतो. मला तो नाइलाज पाठ आहे.

शेजारचा मुलगा बरा झाला. दिवाळीत त्याने आमच्या अंगणात येऊन नातीबरोबर किल्ला केला. टायर होता त्याच कोपऱ्यात, कारण तोपर्यंत मी तो तिथून हलवला होता. रिक्षात घालून पंक्चरवाल्याकडे नेला आणि म्हटले, पैसे नकोत, फक्त रिमोल्डला घाल. त्याने टायर उभा केला, फिरवला आणि कापलेल्या पाकळ्यांमधून बोट आरपार घालून मला दाखवले.

"आता हे होत नाय, सर. सांगाडा कापलाय. भंगारात जानार. किलोवर."

"भंगारवाला कुठे नेतो?"

तो हातातला पाना पुसत राहिला. मग ढिगाकडे गेला आणि पिवळा टायर सगळ्यांच्या वर ठेवला.